मुरमापर्यंत

नंदनवन, नागपूर
२१ जानेवारी १९७९

लग्नाला एकतीस वर्षं झाली, तरी पत्राच्या डोक्यावर तुमचं नाव लिहायला हात धजत नाही. तेव्हा तसंच सुरू करते.

काल आपल्या घराखाली पहिली कुदळ पडली. तुम्हाला विचारलं नाही, कारण मागच्या तीन पत्रांत मी विचारतच होते आणि उत्तर म्हणून तुमच्याकडून संत्र्यांची करंडी आली. संत्री गोड होती. भिंतीला त्यांचा काही उपयोग झाला नाही.

तुम्ही खाप्याला बागेवर जाऊन पंधरा महिने झाले. मागच्या खोलीचा तो कोपरा तेवढ्या काळात आणखी खचला. तुम्ही गेलात तेव्हा तड्यात आठ आण्याचं नाणं जायचं, आता माझं बोट जातं, दुसऱ्या पेरापर्यंत. खिडकी लागत नाही. दार लागतं, पण लागलं की उघडत नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी त्या खोलीत पाऊण तास अडकून होते. चारशे मुलींची मुख्याध्यापिका, आणि खिडकीतून शेजाऱ्याला हाका मारून राहिली! शेवटी मनोहरराव आले, खांदा लावून दार उघडलं आणि जाता जाता म्हणाले, "ओवरसिअरच्या घराची ही गत, तर आमचं काय होईल, वहिनी!"

तुमच्या निवृत्तीच्या चहापाण्यात चार माणसांसमोर त्यांनी हेच वाक्य टाकलं होतं. त्यानंतर पुढच्याच आठवड्यात तुम्हाला बागेची आठवण झाली. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचे पाये तपासणाऱ्या माणसाचा स्वतःचा पाया बसला, हे गिळणं सोपं नाही, एवढं मला कळतं. पण तुम्ही उठून गेलात आणि मी याच घरात राहते.

कौशल्या भिलाईहून लिहिते, आई, विकून मोकळी हो. मी लेकीला कळवलं की खचकं घर दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं असेल तर तू ये आणि बांध.

मिस्त्री मिळाला आहे. देवाजी नाव. साठीचा, बोलायला कमी. सीताबर्डीवर एका जुन्या दुकानाची भिंत त्यानं अशीच खालून धरली, दुकान एक दिवस बंद न ठेवता. ते दुकान मी स्वतः जाऊन पाहिलं, मालकाशी बोलले, मगच याला बोलावलं. त्यानं ओळंबा सोडून तासभर भिंती पाहिल्या आणि म्हणाला, "बाई, घर चांगलं हाय. याचा एकच पाय घसरून राहिला. पायाले पाय देऊ." तुम्ही अंडरपिनिंग म्हणता ते हेच ना?

कोपऱ्याच्या दोन्ही भिंती मिळून आठ खड्डे. एक खणायचा, खाली पक्का मुरूम लागेपर्यंत जायचं, काँक्रीट भरायचं आणि जुन्या पायाला खालून टेकवायचं. ते पक्कं झाल्याशिवाय शेजारच्या खड्ड्याला हात लावायचा नाही. म्हणून पहिला, मग चौथा, मग सातवा. मग दुसरा, पाचवा, आठवा. उरलेले शेवटी. पाऊस लागायच्या आत सगळं उरकतं.

तुमची परवानगी नको आहे. तुम्हाला माहीत असावं, एवढंच.

जयवंता


४ फेब्रुवारी

तुमचं कार्ड मिळालं. पंधरा महिन्यांतलं पहिलं कार्ड आणि त्यावर एवढंच: "खड्डे एकाआड एक घ्यावेत. लगतचे दोन एकदम उघडू नयेत." सहीसुद्धा ऑफिसातल्यासारखी, खाली तारीख टाकून. मी देवाजीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "साहेबाले सांगा, हे मले माह्या बापानं शिकवलं." तेव्हा सांगते.

पहिला खड्डा भरून झाला. मुरूम नऊ फुटांवर लागला. तुम्ही खोटं म्हणाल, पण मी शिडी लावून आत उतरले, लुगड्याचा काष्टा घालून. खाली पाय ठेवला तर वरच्या मातीसारखं दबत नाही, लाल-पिवळं, करकरीत. देवाजीनं लोखंडी सब्बल मारली तर ठण्ण वाजलं. वर मान केली तर आपली भिंत माझ्या डोक्यावर, आणि तिच्याखाली टेकू म्हणून लाकडी बल्ल्या. भीती वाटली का? वाटली. पण तुम्ही आयुष्यभर काय काम केलं ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. एकतीस वर्षं मी फक्त तुमच्या बुटांचा चिखल पाहत होते.

दोन मजूर आहेत आणि माती वाहायला एक रेजा, प्रयागबाई. बालाघाटकडची, तिशीतली, काटक. घमेलं डोक्यावर असतानाच बोलते आणि थांबत नाही. तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, साहेब कोठी गेले?" म्हटलं, संत्र्याच्या बागेत. "मंग घर कोनाचं होय?" मी म्हटलं, दोघांचं. ती हसली आणि घमेलं उचलून गेली.

तड्यावर देवाजीनं काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली आहे. भिंत हलली तर ती तडकते. रोज शाळेत जाताना पाहून जाते. शाबूत आहे.

जयवंता


१८ फेब्रुवारी

चौथा खड्डा म्हणजे नेमका कोपऱ्याचा. खणून झाला, काँक्रीटही पडलं. माती जरा ओली लागली. विशेष काही नाही.

देवाजी पुतणीच्या लग्नाला उमरेडकडे गेला आहे, पाच दिवस. काम बंद. चौथ्याचं काँक्रीट वाळेल, मग तो आल्यावर वरची फट ठोकून भरेल.

शाळेचं स्नेहसंमेलन झालं. दहावीच्या मुलींनी नाटक बसवलं होतं, एकीची मिशी रंगमंचावरच गळून पडली आणि ती मिशी हातात धरून उरलेलं भाषण बोलली. मनोहरराव रोज कुंपणावरून वाकून पाहतात, किती फूट झालं विचारतात. मी सांगते. त्यांच्या घरी सून आली आहे, चांगली वाटते. बाजारात मटार उतरला. शाळेतल्या इंदुताई विचारत होत्या तुम्हाला. खाप्याला थंडी कशी आहे? कानटोपी वापरता का?

जयवंता


२७ फेब्रुवारी

मागचं पत्र जाळून टाका. मिशी खरी, मटार खरा, बाकी मी लपवलं.

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता सरळ लिहिते.

चौथ्या खड्ड्यातली माती ओली होती, आणि जरा नव्हे, चिखल होता. महिनोन्‌महिने पाऊस नाही आणि सहा फुटांखाली चिखल. देवाजीनं मूठभर उचलून हुंगला. म्हणाला, "हे साबनाचं पानी होय, बाई. न्हाणीचं. कोठून येते?" मी म्हटलं, मला काय माहीत. तो म्हणाला, "साहेबानं पाया चांगला घातला होता. बाकी तिन्ही बाजूले पाहा, केसभर हलला नाही. या कोपऱ्याले कोनीतरी पानी पाजलं. मी आलो का शोधू. तवर पाचव्याले हात नका लावू."

कोणी पाजलं ते मला तिथल्या तिथे कळलं होतं.

एकाहत्तर साली तुम्ही आठ महिने धरणाच्या कामावर होता. न्हाणीचं पाणी तुम्ही घराला वळसा घालून पुढच्या नालीत नेलं होतं. मला मागे केळी लावायच्या होत्या. एका मजुराला धरून मी दोन दिवसांत सांडपाण्याचा नळ फिरवून घेतला, भिंतीला खेटून, हातभर खोल. तुम्ही आलात तेव्हा केळीला घड लागला होता. तुम्ही केळं खाल्लं, म्हणालात माती चांगली आहे, आणि विचारलंत की पाणी कुठून घालतेस. मी म्हटलं, बादलीनं. तुम्ही चिडाल म्हणून म्हटलं. एवढंच कारण, याहून मोठं काही नव्हतं.

चौऱ्याहत्तरला तडा दिसला. तेव्हा मला संशय आला नाही असं लिहिलं तर तेही खोटं ठरेल. आला होता. मी गुपचूप केळी काढून टाकल्या. नळ काढायचा तर खणावं लागलं असतं, तुम्ही विचारलं असतं, म्हणून तो राहू दिला. तुम्ही रात्ररात्र जुने नकाशे काढून बसायचा, आकडे तपासायचा, कुठे चुकलं म्हणून. मी चहा आणून ठेवायचे. मनोहरराव चार माणसांत बोलले तेव्हा मी तुमच्या शेजारीच बसले होते. चिवड्याची बशी हातात होती. तेव्हासुद्धा बोलले नाही.

आता पुढचं. देवाजी लग्नाला गेल्यावर मी मजुरांना बोलावून पाचवा खड्डा उघडायला लावला. नळ तिथूनच जातो. तो येण्याआधी तुकडे काढून फेकायचे, म्हणजे कोणाला कधी कळायचं नाही, असं माझं गणित. तुमचं कार्ड पेटीत होतं, देवाजीचा शब्द कानात होता, आणि मी त्यांना सांगितलं, "मिस्त्री म्हणाला आहे, खणा." प्रयागबाई म्हणाली, "बाई, तो त नाही म्हणत होता." मी तिला शाळेतल्या आवाजात गप्प केलं.

बुधवारी दुपारी नळ दिसला. सांधे उघडे पडलेले, आत मुळ्या शिरलेल्या. प्रयागबाई खाली उतरून तुकडे घमेल्यात भरत होती. मी वर उभी. टक्‌ असा आवाज झाला. काचेची पट्टी होती. पाठोपाठ भिंतीतून कोणी कण्हावं तसा आवाज आला आणि खड्ड्याची एक बाजू तिच्यावर आली.

कंबरेपर्यंत गाडली गेली ती. ओरडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे पाहत होती. मजूर भिंतीकडे पाहून मागे सरले. मी शिडीवर पाय ठेवला तेवढ्यात मनोहरराव बनियनवर कुंपण ओलांडून आले. "वहिनी, तुम्ही वर राहा, दोर टाका!" ते स्वतः आत उतरले, भिंत डोक्यावर असताना, आणि हातांनी माती उपसली. मग मजूरही आले. वीस मिनिटं लागली असतील. मी दोर धरून होते, तळहात सोलले ते नंतर दिसलं.

प्रयागबाईच्या पायाचं हाड मोडलं आहे. प्लास्टर घातलं, सहा आठवडे. बाकी ती धड आहे. तिला मी आपल्याकडे पुढच्या खोलीत ठेवून घेतलं. मी तिची माफी मागितली तर म्हणाली, "माफीचं राहू द्या बाई. पाचव्यात खाली दोन बल्ल्या आडव्या द्यायले सांगा पहिले, नाही त घर जाते."

दिल्या. भिंत अर्धा इंच खाली आली आणि थांबली.

देवाजी आला, सगळं पाहिलं. बल्ल्या एकेक हलवून पाहिल्या. मग म्हणाला, "बाई, माह्या हातून आजवर मानूस दबला नाही. तुमच्या घाईनं दबला असता, आन नाव माहं झालं असतं." मी त्याला नळाचं सगळं सांगितलं. मनोहररावांनाही सांगितलं, कुंपणाशी उभं राहून, मोठ्यानं, त्यांची सून ऐकत होती तरी. म्हटलं, पाया ह्यांचा बरोबर होता, चूक माझी होती, आणि पाच वर्षं मी ती ह्यांच्या माथी राहू दिली. ते बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "मी त्यांना लागेल असं बोललो होतो."

काम थांबवलेलं नाही. देवाजी पुन्हा उभा राहिला आहे, मी त्याला जाऊ देणार नाही. घर मी उभं करणारच. पण तुम्हाला हे माहीत असल्याशिवाय ते उभं राहू नये असं वाटलं.

तुम्हाला जे लिहायचं असेल ते लिहा. करंडी पाठवू नका.

जयवंता


१५ मार्च

तुम्ही काल परत गेलात. सहा दिवसांत आपण दोघं मिळून जेवढं बोललो त्याहून जास्त तुम्ही देवाजीशी बोललात. म्हणून माझ्या बाजूचं लिहिते.

शुक्रवारी मी शाळेतून आले तर फाटकाशी तुमची वळकटी. तुम्ही कुठेच नाही. प्रयागबाई ओसरीवरच्या खाटेवरून म्हणाली, "साहेब आले. हातपाय नाही धुतले, सरळ खड्ड्यात गेले." मी मागे आले. खाली तुमची टोपी दिसली. तुम्ही वर पाहिलं. सोळा महिन्यांनी बायकोचं तोंड पाहून माणूस काय बोलेल याचा मी तुमचं 'येतो' एवढंच कार्ड आल्यापासून चार दिवस विचार करत होते.

"मुरूम कितीवर लागला?"

"नऊ फूट चार इंच," मी म्हटलं.

तुम्ही बराच वेळ त्या मुरमावर हात ठेवून उकिडवे बसलात. मग म्हणालात, "मी सहावर थांबलो होतो. पिवळी माती घट्ट लागली. वास्तूची तारीख धरली होती, सगळ्यांना आमंत्रणं गेली होती. मला ठाऊक होतं की अजून खाली जायला हवं."

मी म्हटलं, "पण पाणी मी सोडलं."

"पाणी कधी ना कधी कोणी सोडतंच. पाया त्या हिशेबानं घालायचा असतो." आणि मग एकदम तुमचा आवाज चढला. "पण तू बादलीनं म्हणालीस! तोंडावर म्हणालीस! तीन वर्षं मी आकडे तपासून राहिलो आणि तू चहा देत राहिलीस!"

मी शिडी घट्ट धरली. देवाजी घमेलं हातात घेऊन अवघडून उभा होता. ओसरीवरून प्रयागबाई ओरडली, "भांडन वर येऊन करा जी! तो खड्डा आज भराचा हाय!"

तुम्ही वर आलात. त्या रात्री जेवलात, पण माझ्याकडे न पाहता. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी समजूत काढायला आले नाही, कारण तुमचा राग खरा होता आणि त्याला जेवढे दिवस लागतील तेवढे द्यायचे असं मी ठरवलं होतं. होळीच्या दिवशी सकाळी मनोहरराव गुलाल घेऊन आले आणि फाटकातच थांबले. तुम्ही त्यांना आत घेतलं, आणि दोघं उघड्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलात. काय बोललात ते मला कळलं नाही. मी खिडकीतून पाहत होते. मधेच तुम्ही हसलात.

काल निघताना तुम्ही म्हणालात, आठवा खड्डा भरताना वरची फट ओल्या मालानं भरू नका, कोरडाच माल ठोकून ठोकून बसवा. मी हो म्हटलं. मग तुम्ही वळकटी खाली ठेवली, माझे दोन्ही हात उलटे करून पाहिले. दोराचे वळ अजून आहेत. "खोबरेल लावत जा," म्हणालात, आणि गेलात.

लावते आहे.

जयवंता


२९ एप्रिल

आठही खड्डे भरले. देवाजीनं परवा बल्ल्या काढल्या. मी त्याला म्हटलं, सगळ्या एकदम नको. तो म्हणाला, "आता बाई शिकली." शेवटची बल्ली निघाली तेव्हा आम्ही सगळेच श्वास धरून होतो. काही झालं नाही. तड्यात चुना भरला, वरून गिलावा केला, पण रंग अजून दिलेला नाही. पावसाळा जाऊ दे, मग देऊ. नळ पुन्हा पुढच्या नालीत नेला, तुमच्या जुन्या नकाशाप्रमाणे. मागच्या खोलीचं दार एका बोटानं लागतं आणि एका बोटानं उघडतं. मी पंधरा-वीस वेळा लावून पाहिलं.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही लिहिता की आता नंदनवनात परत यायला लाज वाटत नाही, पण यावंसंही वाटत नाही. तिथे सकाळी झाडांना पाणी दाखवून कन्हान नदीवर जाऊन बसलं की बरं वाटतं, गेलो तेव्हा पळून गेलो होतो पण आता तिथला झालो. आणि राग अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला लिहू, असंही लिहिता. हे वाचून मला वाईट वाटेल असं तुम्हाला वाटलं असावं, कारण खाली तीन ओळी खोडल्या आहेत. मी त्या उजेडाकडे धरून वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मला वाईट वाटलं नाही. मी सांगू का काय वाटलं? पंधरा महिने तुम्ही मला खरं एक अक्षर लिहिलं नव्हतं, मी तुम्हाला आठ वर्षं. आता दोघांनी लिहिलं.

माझी नोकरी अजून दोन वर्षं आहे आणि मुली मला सोडायच्या नाहीत. तेव्हा शाळा असेल तेव्हा मी इथे, सुट्टी असेल तेव्हा तिथे. तुम्हाला वाटलं तर तुम्ही इथे या, नाही वाटलं तर राहा. दोन गावांत संसार करणारे आपण पहिले नाही. प्रयागबाई घर पाहील. पाय बरा झाला आहे, पण तिनं घमेलं उचलायचं नाही असं मी तिला सांगितलं आणि यावेळी तिनं ऐकलं. मागची खोली तिला दिली. "जिथं दबली तिथंच राहू?" म्हणून हसली, पण सामान त्याच दुपारी आत नेलं.

निकाल लावून झाले की गुरुवारी निघते. सकाळची एस.टी., साडेदहाच्या सुमारास खाप्याला पोचते म्हणतात. ट्रंक जड आहे, त्यात पुस्तकं आहेत, आणि मी महिनाभर राहणार आहे.

तुमच्या बागेत पाणी कुठून कुठे जातं ते मला पहिल्याच दिवशी दाखवा. मी काही हलवणार असेन तर विचारून हलवीन. आणि रागावायचं राहिलं असेल तेवढं तिथेच रागवा, सकाळी कन्हानवर बसून, मी शेजारी असेन.

स्टँडवर या.

जयवंता